खारीच्या पोटावरचं पत्रक

आमच्या गावच्या अंगणवाडीत आमच्या वस्तीतली लेकरं दारापाशी बसायची आणि बाकीची आत, सतरंजीवर. हे मी पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, कारण पत्रक कसं लिहायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचा नियम होता की मुद्दा पहिल्या ओळीत आला पाहिजे. दुसरी ओळ लोक वाचतीलच असं नाही. पण हे पत्रक नव्हे. ह्यातला खरा मुद्दा पहिल्या ओळीत मावत नाही, आणि तो माझ्या बाजूचाही नाही.

माझी मोठी बहीण काविळीने गेली तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती. ती आमच्याकडे राहिली, म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या आईकडे. तिचा बाप, माझे दाजी, जाफराबादला एका बियाण्याच्या दुकानात कामाला. एकट्या माणसाने दोन वर्षांचं लेकरू कसं सांभाळायचं, म्हणून तेव्हा कुणी काही ठरवलं नाही, ती आपली राहिली. वर्षाने त्यांनी दुसरं लग्न केलं. त्यालाही कुणी नाव ठेवलं नाही. दोन-तीन महिन्यांनी यायचे, फ्रॉक आणायचे, तासभर तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि जायचे. ती त्यांना पप्पा म्हणायची. मला मावशी.

चार वर्षांची झाल्यावर आम्ही तिला अंगणवाडीत घातलं. पंधरा दिवस झाले असतील. एके दुपारी आईने तिला वरणभात वाढला, तर हिने ताटली उचलली आणि जाऊन उंबऱ्यावर बसली. आई म्हणाली, ये की माय आत, उन्हात काय बसलीस. तर खाली बघतच म्हणाली,

"मी दाराची हाय."

मी तेव्हा घरीच होते. हातातलं टाकून तशीच अंगणवाडीत गेले. सेविकाबाईंनी जागा कमी पडते असं सांगितलं. मदतनीसबाई म्हणाल्या, तुमचीच लेकरं उशिरा येतात, मंग मागंच बसणार. मी त्यांना विचारलं की उशीर काय जात बघून होतो का. त्या दिवशी मी भाचीचं नाव काढून घेतलं. माझी भाची दाराशी बसणार नाही, तिला मी घरी शिकवीन, असं वस्तीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

आई म्हणाली, तू भांड, तुला कुणी नको म्हणलं न्हाई. पण पोरीला घरी ठिवू नको. लेकराला लेकरं लागतात.

मी ऐकलं नाही. वस्तीतली बाकीची पाच लेकरं जात राहिली, दारापाशी बसत राहिली. त्यांच्या आया रोजाने जायच्या. त्यांना खिचडी आणि चार तास लेकरू सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. तत्त्वासाठी लेकरू घरी ठेवायची ऐपत वस्तीत फक्त माझी होती, हे मला आत्ता लिहिताना दिसतं. तेव्हा मला त्या बायांचा राग यायचा.

मी परतूरला एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारनंतर टायपिंगला जाते, आणि उरलेला वेळ संघटनेचा. तर पत्रक मीच लिहिलं, मीच टाइप केलं, पिवळ्या कागदावर छापलं. पहिली ओळ होती: "आईविना चार वर्षांच्या पोरीला दाराशी बसवणाऱ्यांनो, उत्तर द्या." पोरीचं आणि गावाचं नाव पत्रकात नव्हतं, ते तालुक्याला दिलेल्या तक्रारीत होतं. संघटनेतल्या जुन्या माणसांनी पाठ थोपटली. म्हणाले, आता तुला लिहिता आलं. पत्रकं वाटून झाली तरी एक गठ्ठा घरी उरला.

सकाळी अकरापर्यंत मी तिला शिकवायची. घरची शाळा कशी घ्यायची ह्याची मला काडीची माहिती नव्हती. फोनवर शोधलं तर परदेशातल्या बायांनी टाकलेले कागदच्या कागद निघाले. त्यात एक होता शरद ऋतूतल्या खारीचा. खार चिकटवायची, तिची फळं मोजायची, ती फळं पानांखाली लपवायची आणि शोधायची, झाडावर चढल्यासारखे हातपाय हलवायचे. आमच्या दारातल्या कडुलिंबावर खारी होत्याच, आणि अंगणवाडी सुटल्यापासून ही पोरगी दिवसभर त्या खारींशीच काय बोलायची ती बोलायची. मी दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणले. मालकाने विचारलं, हे कशाला? मी म्हणाले, शहरात फी भरून जे शिकवतात ते आमच्या पोरीला फुकट कामून मिळू नये. ते म्हणाले, मिळू दे की, माझ्यावर कामून चिडून राह्यली.

पहिलाच कागद अडला. त्यावर लिहिलेलं, अंगणात जा आणि पडलेली लाल-पिवळी पानं वेचा. आश्विनात आमच्याकडे कोणत्या झाडाचं पान पडतं? लिंब, बाभूळ, चिंच, सगळं हिरवंगार. पोरगी टोपली घेऊन उभी. शेवटी तिला कडेवर घेऊन रस्त्यापलीकडच्या सोयाबीनला नेलं. सोयाबीन काढणीला आलं होतं, आणि त्याची पानं खाली नुसती पिवळी सांडलेली. तिने ओटी भरून घेतली. शेतमालकाने लांबून हटकलं, काय चोरून राह्यले गं? पाला, मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, न्या न्या, सगळा न्या, आणि हसला. भलेपणाने हसला, हेही लिहिलं पाहिजे.

खारीचं अंग कापायला जाड कागद नव्हता. मी पत्रकांचा गठ्ठा घेतला, चार-चार पत्रकं खळीने एकावर एक चिकटवली आणि पिवळी खार कापली. शेपूट चित्रात मोठी झुपकेदार, तांबडी. आई वेचणीला जात होती. तिने पदराला बांधून मूठभर कापूस आणला, तो आम्ही काव कालवलेल्या पाण्यात बुडवला आणि वाळवून चिकटवला. पोरगी बराच वेळ खारीकडे बघत बसली. मग म्हणाली, हिच्या पाठीवर पट्टे कुठं हायेत? खरंच, चित्रातल्या खारीला पट्टे नव्हते. तिने चुलीतला कोळसा आणून तीन रेघा ओढल्या. शेजारची म्हातारी पट्टे कुणी ओढले त्याची गोष्ट सांगायला बसली तर मी तिला थांबवलं. म्हणाले, पट्टे खारीचे स्वतःचे असतात, कुणी दिलेले नसतात. म्हातारी म्हणाली, तुझ्याशी बोलायची सोय न्हाई.

अडचण झाली ती फळाची. त्या फळाला टोपी असते. आमच्याकडे टोपीवालं फळ म्हटलं तर वांगं. मी आईच्या पानाच्या डब्यातल्या अख्ख्या सुपाऱ्या घेतल्या, काळी माती भिजवून त्यांना टोप्या केल्या, काडीने वर जाळी काढली. हुबेहूब झाल्या. आई चार दिवस सुपारी शोधत होती. नंतर तिला कळलं, कारण पोरगी खारीसारखी त्या लपवायची आणि कुठं लपवल्या ते विसरायची. आई म्हणाली, एका खारीनं माझ्या डब्याची वाट लावली, दुसरी तर चांगली चोवीस वर्षांची हाय.

आणि नाव. त्या झाडाचं नाव ओक. मी चित्रावर बोट ठेवून म्हणाले, हे ओक. पोरगी मागे सरकली.

"कोण वकलं?"

मी पोट धरून हसले. आई भाकरी थापत होती, ती वैतागली. जेवायच्या टायमाला कसलं नाव घेऊन राह्यली, म्हणाली. सुपारी म्हण, चिंचोका म्हण. लेकराला काय फरक पडतो? पण मी अडून बसले. आपल्या लोकांची, आपल्या वस्त्यांची नावं दुसऱ्यांनी हवी तशी बदलली. मी कुठल्याच गोष्टीचं नाव बदलून शिकवणार नाही. ओक तर ओक. खार ओकाचं फळ खाते. पोरगी शिकली. म्हणताना दर वेळी पोटावर हात धरून ओकल्याची नक्कल करायची आणि खिदळायची. मला वाटायचं, घरात हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं होतं.

पण अकरा वाजता मी निघाले की ती लिंबाखाली एकटी असायची. अंगणवाडीतली लेकरं घरी परतताना आमच्या दारावरून जायची. ही त्यांना खार दाखवायची. ती थांबायची, बघायची आणि पळायची. आईने हे मला एकदाच सांगितलं. मी म्हणाले, सवय होईल.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दाजी आणि त्यांची आई आले. येण्याआधी फोनवर म्हणाले होते की जरा बोलायचंय. मला अंदाज होता. त्यांच्या बायकोचंच म्हणणं होतं म्हणे, की पोर आपल्याकडे असावी. मी मनात सगळी तयारी केली होती. पोर इथं रुळली आहे, तिचं शिक्षण चालू आहे, ती तिच्या आईच्या घरात आहे. एक, दोन, तीन. माझे मुद्दे नेहमीच तीन असतात.

चहा झाला. दाजींच्या आईने विचारलं, पोर कोणत्या शाळेत जाती? मी म्हणाले, घरीच. त्यांनी कामून विचारलं, आणि मी सुरू झाले. दारापाशी बसवणं, खिचडी, सेविका, पर्यवेक्षिका, सगळं. त्या बाई काही आमच्याहून वेगळ्या नव्हत्या. त्यांनाही आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या दाराशी बसवलं होतं. त्या मान हलवत होत्या. मंग बराबर केलंस, असंही म्हणाल्या. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात पोरगी आतून खार घेऊन आली. आजीने कौतुकाने विचारलं, अगंबया, काय खाती ही?

"ओकाचं," ती म्हणाली, आणि पोटावर हात धरून ओकल्याची नक्कल केली. "मावशीनं शिकवलं."

आजीचा हात तोंडावर गेला. मी समजावायला लागले की ओक हे झाड असतं, थंड मुलखात असतं, इकडं नसतं. त्या म्हणाल्या, इकडं न्हाई ते हिला कामून शिकवून राह्यली? पोरीच्या वयाची लेकरं बडबडगीतं म्हणतात, अन् हिला शिकवलं वकलेलं खायचं. मी जितकं समजावलं तितकं ते जास्त बिघडत गेलं. माझी आई पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. दाजी मात्र मोकळे हसले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर वस्तीत मी त्यांच्याबद्दल वेगळंच सांगितलं होतं. ते हसले, पोरीला मांडीवर घेतलं, खार हातात घेतली, शेपटीवरून बोट फिरवलं, आणि उलटी केली.

खारीच्या पोटावर अक्षरं होती. कापताना मी लक्षच दिलं नव्हतं. "आईविना चार वर्षांच्या पोरीला" एवढं बरोबर पोटावर आलं होतं, पुढचं कात्रीत गेलं होतं.

त्यांनी ते वाचलं. मग परत वाचलं. हे कशाचं हाय, असं विचारलं. मी काही बोलायच्या आत माझी आई उठली आणि फळीवरून एक अख्खं पत्रक आणून त्यांच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही. लेकीने लिहिलेलं छापून आलंय, चार लोक वाखाणतात, एवढंच तिला माहीत. हिनंच लिवलं जावईबापू, सगळं हिनंच, असं अभिमानाने म्हणाली.

दाजींनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. पोरगी त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती. मग त्यांनी विचारलं की हे कुठं कुठं वाटलं. मी म्हणाले, परतूरच्या बाजारात, पंचायत समितीसमोर, बाकी तालुक्यांतही कार्यकर्त्यांनी नेलं असेल.

"नेल्तं," ते म्हणाले. "मला जाफराबादच्या स्टँडवर एका पोरानं दिल्तं. मी सगळं वाचलं. दुकानात मालकालाबी वाचून दाखवलं. म्हणलं, कोणाची हाय बिचारी."

त्यांनी पत्रकाची घडी घातली.

"हिला बाप हाय. ते कामून न्हाई लिहिलं?"

ह्याचं उत्तर मला माहीत होतं. दिलं नाही, पण माहीत होतं. लिहिलं असतं तर ओळ ढिली पडली असती. आईविना, हा एक शब्द वाचला की माणूस थांबतो. वडील जाफराबादला नोकरीला, दुसरं लग्न झालेलं, दर दोन महिन्यांनी फ्रॉक आणतात, हे सगळं त्या ओळीत बसत नव्हतं. म्हणून मी दाजींना गाळलं. माझ्या आईलाही गाळलं, मलाही गाळलं. पोरीला एकटी करून छापलं. आणि ते छापून झाल्यावर तिला खरंच एकटी करून लिंबाखाली बसवलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडता मला येतं. दिवाळी झाली की न्यायला येतो, एवढं माझ्या आईला म्हणाले, आणि आई म्हणाली, न्या. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी आईशी भांडले. तू न्या म्हणून मोकळी कामून झालीस, विचारून तरी बघायचं. आई म्हणाली, बापाला काय इचारायचं? मग मी त्यांच्याविरुद्ध लिहायला बसले. नातेवाइकांची बैठक बोलवायची, त्यात वाचायचं, असं काहीबाही डोक्यात होतं. कायदा मला माहीत होता, तो त्यांच्या बाजूने होता. पण बैठकीत कायदा चालत नाही, शब्द चालतात, आणि शब्द माझ्याकडे होते. पहिली ओळ लिहिली. चांगली होती. सावत्र हा शब्द होता तिच्यात. लिहून झाल्यावर मी ती स्वतःच मोठ्याने वाचली, आणि मला दाजींच्या नव्या बायकोचा चेहरा आठवला. लग्नात एकदाच पाहिला होता. तिने मला काहीही केलेलं नव्हतं. कागद फाडला. आयुष्यात पहिल्यांदा चांगली ओळ फाडली.

ह्याच दिवसांत अंगणवाडीचा निकाल लागला. पर्यवेक्षिका मॅडम आल्या, पंचनामा केला, सेविकाबाईंना लेखी समज मिळाली. दोन नव्या सतरंज्या आल्या. आमच्या वस्तीतली पाचही लेकरं आत, सगळ्यांच्या मधे बसायला लागली. त्यांच्या आया मला रस्त्यात थांबवून सांगायच्या. एकीने तर माझे हात धरले. म्हणाली, तुझ्या पोरीमुळं झालं गं हे. संघटनेच्या बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. मी खुर्चीत बसून त्या ऐकल्या आणि वाटलं, उठून सांगावं की ती पोर आत बसलेली नाही. ती घरी आहे, आणि थोड्या दिवसांनी तिथेही नसेल. सांगितलं नाही. अजून वेळ होता. उरलेल्या दिवसांसाठी तरी तिला अंगणवाडीत घालावं, सतरंजीवर बसू द्यावं, असंही मनात आलं. तेही केलं नाही. उरलेल्या सकाळी मला सोडवेनात.

ती गेली त्या दिवशी मी तिची समजूत घालायला शब्द जुळवून ठेवले होते. लागले नाहीत. तिने नवा फ्रॉक घातला, जीपमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून खूश झाली, आणि दाजींना सारखी विचारत होती की कधी निघायचं. आईने तिच्या गालाला बोटं लावून कानशिलावर मोडली. जीप भरायला थांबली होती, ड्रायव्हर अजून दोन माणसं शोधत होता. मी टपावर हात ठेवून उभी होते. माणसं मिळू नयेत, असं मला वाटत होतं. मिळाली.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानात असताना फोन आला. अनोळखी नंबर होता.

"ताई, मी जाफराबादहून बोलून राह्यले," एक बाई म्हणाली, आणि मला कळलं. आवाज बारीक होता, जवळ कुणीतरी झोपणार असेल तसा. म्हणाली की पोर चांगली आहे, जेवते, गल्लीतल्या लेकरांत खेळते, इथल्या बालवाडीत नाव घातलंय. फक्त झोपत नाही. आडवी झाली की माझ्या तोंडाजवळ हात आणती, मंग काढून घेती. काय पाहिजे विचारलं तर सांगत न्हाई. ह्यांना बी माहीत न्हाई. तुम्हाला माहीत असंल.

मला माहीत होतं. ती कानाची पाळी धरून झोपते. आधी तिच्या आईची धरायची, नंतर माझी. दोन वर्षं माझ्या कानाशी तिची दोन बोटं होती, आणि हे जगात मला एकटीला माहीत होतं. शेजारी मशीन कुणाचे तरी सात-बाराचे कागद काढत होतं. मी नाही सांगितलं तर ती झोपणार नाही. आठ दिवस झोपली नाही तर म्हणतील, पोर रुळत न्हाई, नेऊन सोडू. हा विचार मी केला. चांगला, सगळ्या बाजूंनी केला.

"ताई? हायेत का?"

मी सांगितलं. उजव्या कानाची पाळी, असं सांगितलं. ती बाई हसली, सुटल्यासारखी. व्हय का, म्हणाली, एवढंच का.

"कानातलं काढून ठेवा," मी म्हणाले. "टोचतं तिला."

"थांबा हं," ती म्हणाली. फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. ती कानातलं काढत होती. मी थांबले. पलीकडे पोरीची कुरकुर ऐकू आली, हळूहळू तीही थांबली, आणि ती बाई पुन्हा फोनवर आली नाही.